आत्याचं हलकं फ्लायव्हील

माझ्या आत्याचं ड्रायव्हिंग स्कूल म्हणजे एक गाडी, एक मोबाईल आणि एक आवाज. गाडी जुनी, लाल, छपरावर पिवळी पाटी असलेली. मोबाईल सतत वाजणारा. आणि आवाज असा की आत्या बंद काचेआडून "क्लच! क्लच दाब!" म्हणून ओरडली की फुटपाथावरून चालणारी माणसंही नकळत डावा पाय आवळायची.

लग्नाआधी ती बेकरीची व्हॅन चालवायची. पहाटे पाव पोचवता पोचवता तिने शहराचे सगळे बोळ पाठ केले. पुढे स्वतःचं स्कूल काढलं तेव्हा तिच्याकडे यायची ती बहुतेक घाबरलेली माणसं. दुसरीकडे शिकायला जाऊन, बोलणी खाऊन, रडून आलेली. आत्या त्यांना पहिल्याच दिवशी सांगायची, "घाबरता ना? छान. म्हणजे अक्कल आहे. न घाबरणाऱ्यांना मी गाडीला हातसुद्धा लावू देत नाही." ओरडायची सगळ्यांना, पण तिचं ओरडणं कुणाला लागायचं नाही. आईचं ओरडणं कानाला लागतं, मनाला लागत नाही, तसं काहीसं.

माझे आतोबा बरोबर उलट. घरामागच्या शेडमध्ये त्यांचं गॅरेज. बोलणं जवळजवळ नाहीच. जे काही म्हणायचं ते ‘हं’मध्ये. रागाचा हं वेगळा, भुकेचा वेगळा, ‘तुझं चालू दे’ वाला वेगळा. मी चष्म्याच्या दुकानातल्या कामावरून सुटले की बऱ्याचदा त्यांच्याकडेच जेवायला जायचे, त्यामुळे मला सगळे हं ओळखता यायचे.

शहराबाहेर डोंगरावर चढणारा एक नागमोडी रस्ता आहे. वर्षातून एका रविवारी तो बंद ठेवतात आणि हौशी लोक आपापल्या गाड्या एकेक करून, घड्याळ लावून वर पळवतात. आत्या कित्येक वर्षं तिथे एका वळणावर, येणाऱ्या गाड्यांना इशारा द्यायला, झेंडा घेऊन उभी राहायची. कोण उशिरा ब्रेक मारतो, कोण वळणात शिरताना शेपूट झटकतो, सगळं तिला तोंडपाठ. एका वर्षी ती उन्हाने लालबुंद होऊन घरी आली, टोपी सोफ्यावर फेकली आणि म्हणाली, "पुढच्या वर्षी मी झेंडा धरणार नाही."

"का गं, हात दुखतात?" मी विचारलं.

"हात नाही, पाय शिवशिवतात. मी गाडी चालवणार."

पन्नाशी कधीच उलटली होती तिची. मी आतोबांकडे पाहिलं. ते म्हणाले, "हं." हा कौतुकाचा होता. मी तो फार कमी वेळा ऐकला होता.

मग तयारी सुरू झाली. ब्रेक नवे, टायर नवे, दर रविवारी डोंगराच्या रस्त्यावर सावकाश फेऱ्या. सगळं ठीक चाललं होतं, तेवढ्यात भाग घेणाऱ्यांपैकी एका फोटोग्राफरने आत्याला स्वतःच्या गाडीतून चक्कर मारून आणलं. आत्या परत आली ती प्रेमात पडल्यासारखी.

"अहो, नुसता पाय टेकवला की काटा वर! नुसता टेकवला की! काय घातलंय त्यात?"

"हलकं फ्लायव्हील असेल," आतोबा म्हणाले.

"मग आपल्या गाडीला?"

"नको."

आता आतोबांनी एवढा पूर्ण शब्द उच्चारला म्हणजे प्रकरण गंभीर होतं. पण आत्याने पिच्छाच पुरवला. सकाळच्या चहाला फ्लायव्हील, रात्रीच्या जेवणाला फ्लायव्हील. शेवटी एके दिवशी हात टेकून ते आम्हा दोघींना शेडमध्ये घेऊन गेले आणि बाकावरच्या ग्राइंडरकडे बोट दाखवून मला म्हणाले, "फिरव."

ग्राइंडरला एक जाड, जड चाक होतं. मी हाताने जोर लावून फिरवलं; मग ते फिरतच राहिलं. आतोबांनी ते काढून एक पातळ चकती लावली. "आता फिरव." ती नुसत्या बोटाने गर्रकन फिरली आणि लगेच थांबलीही.

"इंजिनाच्या मागच्या टोकाला असं एक चाक असतं," ते म्हणाले. "क्लच त्यालाच येऊन चिकटतो. जड असलं की फिरवायला वेळ लागतो, पण फिरलं की थांबायचं नाव घेत नाही. हलकं चटकन फिरतं, चटकन थांबतं. संपला विषय."

"म्हणजे गाडी जास्त जोरात पळेल?" मी विचारलं.

"ताकद तेवढीच राहते. चाक फिरवण्यात जी खर्च व्हायची ती फक्त वाचते. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये फरक कळेल. चौथ्यात काही कळायचं नाही. गिअर झटपट पडतील, वळणाआधी रेस पाहिजे तशी वरखाली करता येईल. हे झालं चांगलं." त्यांनी हात पुसले. त्यांना एका दमात एवढं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होते. "आता वाईट. गाडी उचलताना जड चाक आपल्याला सांभाळून घेतं. पाय जरा चुकला तरी इंजिन बंद पडू देत नाही. हलकं सांभाळणार नाही. उभी असताना गाडी थरथरेल, गिअरबॉक्स खडखडेल. आणि चढावर गिअर बदलताना जरा रेंगाळलीस, की रेस अशी खाली येईल." त्यांनी वर धरलेला हात दगड टाकावा तसा खाली सोडला. "आणि वर्षभर ही गाडी कोण चालवतं? तुझी घाबरलेली माणसं."

आत्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तेवढंच ना? मग बसवा. की आहे तेच लेथवर घालून जरा पातळ करता?"

त्यावर आतोबा जे भडकले! "बीडाचं, ओतीव लोखंडाचं आहे ते! पातळ केलं आणि फिरता फिरता तडकलं, तर तुकडे तुझ्या पायांतून आरपार जातील. बसवायचं तर पोलादाचं, नवीन, नीट तोललेलं." आणि बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण ‘बसवायचं’ म्हणून बसलो. आत्या गालात हसत स्वयंपाकघरात निघून गेली.

सुट्टीच्या दिवशी गाडी उचलून ठोकळ्यांवर ठेवली. फ्लायव्हीलपर्यंत पोचायचं तर आख्खा गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो, त्यामुळे सकाळी सुरू केलेलं काम संध्याकाळपर्यंत चाललं. आत्या दिवा धरून सूचना देत होती, आतोबा गाडीखालून हं करत होते. जुनं चाक निघालं तेव्हा ते त्यांनी माझ्या हातात दिलं, आणि मी तोल जाऊन मागच्या टायरांच्या ढिगावरच बसले; कुणी झोपलेलं गुटगुटीत मूल अचानक हातात द्यावं तसं झालं. नवीन चाक आत्याने ताटासारखं काखेत धरून आणलं. क्लचप्लेट आणि तेलाचं सीलही आतोबांनी त्याच फेरीत नवं घातलं. "परत गिअरबॉक्स खाली काढायला लावलंस," ते गाडीखालून म्हणाले, "तर मी घर सोडून जाईन."

गाडी सुरू झाली. उभ्या उभ्या ती थंडी वाजल्यासारखी थरथरत होती आणि खालून असा आवाज येत होता, जणू रिकाम्या डब्यात कुणी खिळे घालून हलवतंय. आत्याने पहिला गिअर टाकला, क्लच सोडला आणि गाडी फटकन बंद पडली. स्वतःच्या फाटकात. शहरातल्या निम्म्या लोकांना क्लच शिकवणाऱ्या बाईची गाडी.

आतोबा वाकून पाना पुसायला लागले.

"इथे चढ आहे," आत्या म्हणाली. फाटकासमोरचा रस्ता टेबलासारखा सपाट आहे.

दुसऱ्यांदा तिने जरा जास्त रेस देऊन, हाफ क्लचवर अलगद धरून गाडी उचलली, आणि मग आम्ही बाहेरच्या मोकळ्या रस्त्याला लागलो. मला गाड्यांतलं फारसं कळत नाही, पण एवढं मलाही कळलं की ही गाडी आता वेगळी आहे. आधी ती हाक मारल्यावर "काय गं?" म्हणून उठायची; आता हाक पुरी व्हायच्या आत दारात उभी. आत्या दुसऱ्यातून तिसऱ्यात, तिसऱ्यातून परत दुसऱ्यात जात होती, आणि इंजिन तिच्या पायाबरोबर वरखाली होत होतं. ती शिट्टी वाजवत होती. तिला शिट्टी वाजवता येते हे मला माहीतच नव्हतं.

सोमवारी मात्र शिकणारी माणसं आली.

आत्याने एक चूक केली. गाडीत काय बदललंय ते तिने कुणालाच सांगितलं नाही. तिला वाटलं, होईल सवय. पहिली आली दातांची डॉक्टर. परवापर्यंत ती सफाईने गाडी उचलत होती. त्या दिवशी सिग्नलला गाडी बंद पडली, चालू केली, परत बंद पडली. मागे हॉर्नचा गोंधळ. "मॅडम," ती रडवेल्या सुरात म्हणाली, "मी रोज लोकांच्या दाढा उपटते, हात कधी कापत नाही. आज गुडघे कापताहेत." आत्या म्हणाली, "होतं असं कधी कधी. क्लच जरा हळू." पण आवाजात नेहमीचा दम नव्हता.

डॉक्टरीण तरी तरुण होती. खरा फटका बसला तो सरांना.

सर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे शिक्षक. आयुष्यात त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नव्हता, कारण गरजच पडली नव्हती. त्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, नोकरीभर हॉस्पिटलची अँब्युलन्स चालवली होती आणि घरची गाडीही त्याच चालवायच्या. सर शेजारी बसून शब्दकोडं सोडवायचे. मग काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. त्यांना व्यायामासाठी हॉस्पिटलात नेणं-आणणं सुरू झालं, आणि सत्तरीच्या सरांनी ठरवलं की आपण शिकायचं. आत्याचे ते सगळ्यात लाडके विद्यार्थी. हळू शिकले, पण पक्के शिकले. लायसन्सची परीक्षा जवळ आली होती.

त्या आठवड्यात सरांच्या हातून गाडी बाजारात बंद पडली, शाळेसमोर बंद पडली, आणि शेवटी पुलाच्या चढावर अशी बंद पडली की मागचा टेम्पोवाला खाली उतरून म्हणाला, "आजोबा, घरी जा, आराम करा." गाडी कडेला लागल्यावर सर उतरले, पाटीवरची धूळ रुमालाने पुसली आणि "येतो" म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. फोन केला तर म्हणाले, "मॅडम, तुमचा वेळ फुकट गेला. वय झालं, हेच खरं."

आत्या त्या दिवशी जेवली नाही. ताट पुढे सारून म्हणाली, "मला डोंगरावर गाडी पळवायची हौस, आणि तो माणूस स्वतःला म्हातारा समजायला लागला."

आतोबा या वेळी हं म्हणाले नाहीत. ते म्हणाले, "जा. सांगून ये."

आम्ही दोघी लगेच गेलो. सरांच्या घरी काकू खिडकीजवळ पाय लांब करून बसल्या होत्या. त्यांनी गाडीचा आवाज आधीच ऐकला होता, कारण दार उघडायच्या आत आतून विचारलं, "काय बदललंत हो गाडीत?"

आत्या उंबऱ्यावरच थबकली. "फ्लायव्हील."

"हलकं?"

"हलकं."

काकूंनी सरांकडे मान वळवली. "ऐकलंत? तीन दिवस मी सांगतेय, तुमच्या पायाला काही झालेलं नाही. गाडी बदललीय. पण बायकोचं ऐकायचं नाही."

सर उठून उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर राग होता की हायसं वाटलं होतं, कोण जाणे, बहुधा दोन्ही. "म्हणजे पुलावर..."

"पुलावर चूक माझी होती, सर," आत्या म्हणाली. "तुमची नाही. मी आधी सांगायला हवं होतं. शिक्षिकेने असं करायचं नसतं. मला माफ करा."

सरांनी शब्दकोड्याचा कागद घडी घालून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "मी पोरांना पेपरात चुकीचं गणित घातलं होतं एकदा. सगळे नापास. मला फार उशिरा कळलं." आणि चहा टाकायला आत गेले. माफी मिळाली हे आम्हाला त्यावरून कळलं.

त्यानंतर सर स्वतःच्या घरच्या गाडीत शिकले. शेजारी हँडब्रेकवर हात ठेवून आत्या, मागे पाय लांब करून काकू. शेजारून आत्या ओरडायची, मागून काकू, आणि मधे सर पाढे म्हटल्यासारखं पुटपुटत, "क्लच, गिअर, आरसा, क्लच..." परीक्षेत ते पहिल्या फटक्यात पास झाले. परीक्षा घेणारा साहेब म्हणे म्हणाला, एवढ्या शांत डोक्याचा माणूस महिनाभरात पाहिला नाही. सर म्हणाले, "साहेब, तुम्ही एकटेच होता ना. एकाच माणसाच्या सूचना. मला सुट्टी मिळाल्यासारखं वाटलं."

बाकीच्यांनाही आत्याने खरं सांगून टाकलं आणि गाडीत समोर एक चिठ्ठी चिकटवली: ‘ही गाडी बंद पडते. चूक तुमची नाही.’ ज्यांना थांबायचं होतं त्यांना तिने स्पर्धेनंतरची तारीख दिली. डॉक्टरीण मात्र थांबली नाही. तिने हट्टाने त्याच गाडीवर हात बसवला. मग एकदा भावाची साधी गाडी चालवून आली आणि म्हणाली, "मॅडम, ती गाडी तर लोण्यासारखी उचलते. क्लच सोडता सोडता मी गप्पासुद्धा मारू शकले असते."

स्पर्धेच्या दिवशी स्वच्छ ऊन होतं. सुरुवातीची रेघच चढावर आखलेली. गाडी मागे घसरू नये म्हणून चाकाखाली लाकडी पाचर धरायचं काम माझ्याकडे होतं. आत्या हेल्मेट घालून आत बसली होती. छपरावरची पाटी काढलेली, त्यामुळे गाडी केस कापल्यासारखी दिसत होती. झेंडा पडला. आत्याने क्लच सोडला.

गाडी बंद पडली.

मग कठड्याजवळून एक बाई ओरडली, "क्लच! क्लच दाब!" ती डॉक्टरीण होती. तिच्यामागून आणखी कुणी ओरडलं, मग आणखी कुणी. तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्या गर्दीत आत्याच्या हाताखालून गेलेली माणसं खच्चून भरली आहेत, आणि सगळ्यांनाच आज फेड करायची आहे. आख्खा उतार "क्लच! क्लच!" करत होता. हेल्मेटच्या आत आत्या हसत होती. खांदे हलत होते. तिने गाडी चालू केली, रेस चढवली आणि सुटली.

वरचं मला दिसलं नाही, पण ऐकू येत होतं. पहिली वळणं तिने अशी घेतली की इंजिन एकदाही अडखळलं नाही. वळणाआधी झटकन खालचा गिअर, बाहेर पडताना लगेच जोर. झेंडेवाल्या तिच्या जुन्या मैत्रिणी, त्या नंतर सांगत होत्या की तिने प्रत्येक वळण अगदी रेघ आखल्यासारखं घेतलं. मग सरळ, उभ्या चढाचा तुकडा आला. तिथे तिने तिसरा टाकायला किंचित वेळ लावला, आणि आतोबांनी हात खाली सोडला होता ना, अगदी तशीच रेस खाली आली. खालून ऐकताना वाटलं, गाडीने उसासाच टाकला.

पहिल्या फेरीत ती शेवटून तिसरी आली. वर आतोबा उभे होते; तिथलं बोलणं आत्याने मला नंतर सांगितलं. ती म्हणाली, "वळणांवर माझ्या मनातलं ओळखत होती. चढावर तोंडघशी पाडलं."

"तिसरा टाकूच नको," आतोबा म्हणाले. "दुसऱ्यातच ओरडू दे तिला."

दुसऱ्या फेरीत तिने तेच केलं. उभ्या चढावर इंजिन किंचाळत राहिलं, पण दम सुटला नाही. गटात ती बरोब्बर मधोमध आली. फोटोग्राफर तिच्या बऱ्याच पुढे होता, त्याने तिला मिठी मारली आणि तिने त्याला, तो शेवटच्या वळणावर फार आत शिरतो, हे तिथल्या तिथे सुनावलं.

घरी आल्यावर तिने स्वतःहून विषय काढला. "अहो, जुनं चाक परत घालता? माझी माणसं खोळंबलीत."

घर सोडून जायची वेळ आली होती. आतोबांनी घर सोडलंही, पण पाव आणण्यापुरतं. परत आले आणि गाडीखाली गेले. आठवडाभरात लाल गाडी पूर्वीसारखी सुस्त, समजूतदार झाली, आणि नवशिक्यांच्या चुका पोटात घालू लागली.

काकूंचा गुडघा पुढे चांगला बरा झाला. एक दिवस त्या स्वतः चालत शेडमध्ये आल्या आणि विचारलं, "ते हलकं चाक कुठे ठेवलंय?" त्यांना ते घरच्या गाडीत हवं होतं. सर लायसन्स हातात घेऊन आडवे आले. "त्या गाडीवर आता माझाही हक्क आहे," ते म्हणाले, "आणि मला पुलावरून शांतपणे जायचंय." शेवटी आत्याने आणि काकूंनी मिळून एक जुनी, रंग उडालेली दोन दारांची गाडी घेतली, फक्त डोंगरासाठी. चाक तिला बसलं. रविवारी सकाळी दोघी आळीपाळीने सराव करायच्या, आणि सर आपल्या गाडीतून चहाचा थर्मास घेऊन, सावकाश, मागे मागे.

पुढच्या स्पर्धेत दोघींनी भाग घेतला, एकाच गाडीवर, आधी आत्या आणि नंतर काकू. काकू पुढे आल्या. फार नाही, श्वास घेण्याएवढ्या. आत्या दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. मग न राहवून तिने फोन लावला, आणि हॅलोसुद्धा न म्हणता विचारलं, "डोंगराच्या रस्त्यावर तो मोठा दगड आहे ना, त्याच्यानंतर कुठला गिअर ठेवला होतात?"